शून्य फुटावरून पडलेले लोक

नाना डॉक्टर मला पहिल्यांदा भेटले ते त्यांच्या दवाखान्यात नाही, माझ्या ऑफिसात. मी धुळ्यात पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती मिनिटं पाणी सोडायचं, याचा तक्ता माझ्या टेबलावर असतो. तो बघायला एरवी दोनच प्रकारचे लोक येतात, भांडायला आलेले आणि ओळख सांगायला आलेले. हे गृहस्थ दोन्हींत बसेनात. सत्तरीचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जोडीला शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक.

"मला सगळ्या गल्ल्यांचा पाण्याचा तक्ता पाहिजे," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"मनगटांसाठी."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी सांगितलेलं असं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. आखाजीला आमच्या खान्देशात सासरच्या पोरी माहेरी येतात, गडी सावलीत बसून पत्ते कुटतात आणि बाया निंबाला झोके बांधतात. झोका नुसता बसून घेत नाहीत, फळीवर उभं राहून, गाणी म्हणत, फांदीच्या वर जाईपर्यंत चढवतात. मग कोणीतरी सुटतं. पडताना माणूस हात पुढे करतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं.

"पण माझ्याकडे येणारी एकही बाई झोक्यावरून पडलेली नसते," नाना म्हणाले. "सगळ्या मोरीत घसरलेल्या. गेल्या आखाजीला एका दिवसात पाच जणी. मला फक्त एवढंच बघायचंय की त्या दिवशी मोरी ओली होती का."

आमच्याकडे पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी येतं. भर उन्हाळ्यात मोरीत घसरायला आधी मोरीत पाणी लागतं, हा हिशेब मला त्या खुर्चीत बसून वीस वर्षांत सुचला नव्हता. मी त्यांना तक्त्याची झेरॉक्स काढून दिली. तेव्हापासून दरवर्षी आखाजीच्या आधी मी नवा तक्ता पोचवत गेलो, आणि नाना मला नावाने हाक न मारता 'पाणीवाले' म्हणत गेले. त्यांचंही नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचलेलं मला आठवत नाही. सगळ्यांचे ते नानाच.

नाना हाडांचे डॉक्टर होते, पण त्यांचा खरा जीव मनगटात. मनगटाच्या फ्रॅक्चरचे प्रकार पाडणाऱ्या पद्धती जगात बऱ्याच आहेत. बहुतेक परदेशातल्या डॉक्टरांच्या नावाने. नानांना त्या सगळ्या पाठ होत्या आणि एकही मान्य नव्हती.

"त्यांच्याकडे लोक बर्फावर घसरून पडतात," ते म्हणत. "आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीवर. त्यांचं पुस्तक म्हणतं, मनगट असं मोडलं की काट्याच्या चमच्यासारखं दिसतं. धरणगावच्या म्हातारीने काट्याचा चमचा बघितलाय का? तिला सांगा, वरण वाढायच्या उलट्या डावासारखं दिसतंय. लगेच कळतं."

म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. ती एका लांबलचक रजिस्टरमध्ये होती. हाड सांध्यात फुटलंय की सांध्याच्या अलीकडे, जागचं सरकलंय की नाही, मागच्या बाजूला चुरा झालाय का, हे सगळं त्यात होतंच. ते कोणीही लिहील. पण त्याआधी तीन रकाने होते. पहिला 'उंची', म्हणजे किती फुटांवरून पडला. उभ्या उभ्या घसरला तर शून्य. दुसरा, 'पडताना काय चालू होतं'. तिसरा, 'सांगणारा', म्हणजे ही माहिती कोणी दिली. आणि अगदी शेवटचा रकाना होता 'हा हात काय करतो'.

उंचीवर त्यांचा फार भर. हाडाला किती जोराचा धक्का बसला ते उंची सांगते, आणि धक्क्यावरून कळतं की ओढून बसवलेलं हाड प्लास्टरमध्ये जागेवर राहील की आठवड्यात पुन्हा घसरेल. "एक्स-रे म्हणजे फोटो," नाना म्हणत. "फोटोत नवरा-नवरी जवळ उभे असतात. पुढे काय होणार ते फोटोत दिसत नाही."

शेवटच्या रकान्यावरून मात्र भांडणं होत. एकदा माझ्यासमोर एक सरकारी लेखनिक आला. उजवं मनगट सुजलेलं.

"हा हात काय करतो?" नानांनी विचारलं.

"सरकारी नोकरी."

"नोकरी तुम्ही करता. हात काय करतो?"

लेखनिकाने बराच वेळ विचार केला. शेवटी म्हणाला, "शिक्का मारतो."

नानांनी 'शिक्का' असं लिहिलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढल्यावर व्यायाम सांगितला, आणि महिनाभराने त्याला शाईचं पॅड आणून समोर बसवलं. जुन्या एक्स-रेच्या पाकिटांवर वीस शिक्के मारायला लावले. वीसच्या वीस स्वच्छ उठले. "चला, हात पूर्वीइतका झाला," नाना म्हणाले. "आता कामही पूर्वीइतकंच करा." लेखनिक समाधानाने गेला.

नानांचं आणि जमान्याचं फाटलं ते प्लेटवरून. मनगटात प्लेट आणि स्क्रू बसवायचं ऑपरेशन आता सगळीकडे होतं. ज्याला लागतं त्याला ते फार चांगलं, हे नाना स्वतः सांगत. पण आमच्याकडे ते लागायच्या आधीच मागायची पद्धत पडली. साधं प्लास्टर घेऊन घरी गेलेल्या माणसाला भेटायला कोणी येत नाही. ऑपरेशन झालेल्याला नारळपाणी घेऊन अख्खी गल्ली येते.

एक माजी नगरसेवक आले होते. मोटरसायकल उभी करताना हातावर पडली, हाडाला केसाएवढी चीर. नानांनी सांगितलं, चार आठवडे प्लास्टर, बस.

"नाना, प्लेट टाकून द्या," ते म्हणाले. "आमच्या वॉर्डातल्या समोरच्या माणसाला आठ स्क्रू आहेत."

"तुम्हाला नऊ टाकू?"

नगरसेवकांना ते खरंच वाटलं. त्यांचे डोळे चमकले. मग नानांनी प्लास्टर घातलं, तर ते हात फिरवून बघत म्हणाले, "एवढंसंच? लोकांना दिसणार तरी कसं?" नानांनी कपाटातून सगळ्यात मोठी झोळी काढली. हात गळ्यात अडकवायची. "कोणत्या रंगाची देऊ? तुमच्या पक्षाच्या?"

नगरसेवकांनी थोडा विचार केला. "आत्ता पांढरीच द्या नाना. अजून ठरायचंय."

प्रत्येक पेशंटला निघताना नाना एकच वाक्य सांगत, "हात वर, बोटं हलवा." हात हृदयाच्या वर ठेवला की सूज उतरते आणि बोटं हलवली की ती आखडत नाहीत. हे ते इतक्या वेळा म्हणत, की त्यांच्या दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर पांढरा हात उंच धरून बोटं नाचवत चाललेली माणसं नेहमी दिसत. नव्या माणसाला वाटे, इकडे मोर्चा आहे.

आता माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय नानांचं पुढचं कळणार नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, धरणगावला दिलेली. वय एकसष्ट, दोन सुनांची सासू. तिची ख्याती मांडे करण्याची. पुरण भरलेली पोळी पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर, मनगटांवर फिरवत फिरवत ती परातीएवढी पातळ करायची आणि अलगद खापरावर टाकायची. पंचक्रोशीतल्या लग्नात मांडे म्हटले की अक्काला बोलावणं. त्या आखाजीला ती माझ्याकडे माहेरपणाला आली होती, आणि पुढच्या दोन महिन्यांत तिने नऊ लग्नांना हो म्हटलं होतं.

आखाजीच्या दुपारी मागच्या परसातल्या निंबाला बायांनी झोका बांधला. अक्का आधी नुसती बघत होती. मग बसली. मग फळीवर उभी राहिली. मी ओसरीवरून बघत होतो. तिने झोका असा चढवला की तिची पावलं माझ्या कंपाउंडच्या भिंतीच्या वर गेली. भिंत साडेसहा फूट आहे. म्हणजे आठ फूट तरी असेल. तिथून ती सुटली.

रिक्षात ती हात मांडीवर धरून बसली होती. मनगट उलट्या डावासारखं. दुखण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

"भाऊ, डॉक्टरले सांगजो, मोरीमा घसरनू."

"अक्का, ते उंची विचारतात."

"मी सासू मानूस शे. झोकावरथून पडनी आसं बठ्ठा धरणगावमा व्हई जाई. सुना हासतीन. तुले मनी शपथ."

नानांनी पाहिलं, एक्स-रे काढला, कोनमापक लावला. मनगटाजवळ हाडाचा उतार तळहाताकडे दहा-बारा अंश असायला हवा. अक्काचा उलट्या दिशेला बावीस अंश होता.

"काय करत होतात, अक्का?"

"मोरीमा घसरनू."

नानांनी एक्स-रे पुन्हा उजेडापुढे धरला. "मागे चुरा दिसतोय. शून्य फुटात एवढा?" मग माझ्याकडे वळले. "पाणीवाले, तुमच्याकडे पाणी कधी आलं होतं?"

आमच्याकडे पाण्याचा तो चौथा कोरडा दिवस होता. तक्ता माझ्याच हातचा होता आणि त्याची प्रत नानांच्या टेबलाच्या काचेखाली होती. त्यांनी फक्त मान खाली घालायची होती.

"आज सकाळीच," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी मान खाली घातली नाही. "तुम्ही सांगताय म्हणजे झालं. वयाने हाड ठिसूळ झालं असेल." आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, उंची शून्य. सांगणारा, भाऊ.

शून्य फुटाला त्यांच्या पद्धतीत ओढून बसवणं आणि प्लास्टर. त्यांनी मोडलेल्या जागी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, बोटं धरून हाड ओढलं, जागेवर बसवलं. पुन्हा एक्स-रे काढला. उतार तळहाताकडे पाच अंश. चांगला. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'मांडे'.

संध्याकाळी अक्काचा मुलगा प्रशांत जळगावहून आला. तो विम्याचा एजंट. आल्या आल्या म्हणाला, "मामा, प्लेट का नाही टाकली? निदान चोवीस तास ॲडमिट तरी दाखवायचं. आता क्लेम कसा बसवू?" नानांच्या सांगण्याप्रमाणे प्लास्टरच पुरे, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. खोटं बोललेला माणूस दुसऱ्याच्या खरेपणावर फार जोराने बोलतो.

आठव्या दिवशी एक्स-रे काढला. नानांनी कोनमापक एकदा लावला, काढला, पुन्हा लावला. उतार मागच्या बाजूला अठरा अंश, आणि हाड आखूड झालेलं.

मग त्यांनी रजिस्टर काढलं आणि मागची पानं चाळू लागले. एकेका ओळीवर बोट ठेवून. "शून्य फुटाचं असं घसरत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "माझ्या पद्धतीतच चूक आहे. सतरा वर्षं मी चूक लिहीत आलोय."

त्यांचं ते बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होतं. ते थांबेना. मला बघवेना.

"आठ फूट," मी म्हणालो.

"काय?"

"आठ फूट, नाना. झोका. पाणी चार दिवसांत आलेलं नव्हतं."

अक्काने डोळ्याला पदर लावला. नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अक्का, चूक माझी. चुरा मला दिसला होता. मी हाडापेक्षा माणसावर विश्वास ठेवला." मग त्यांनी शून्यावर रेघ मारली, खोडलं नाही, वाचता येईल अशी रेघ. शेजारी आठ लिहिलं. 'पडताना काय चालू होतं' या रकान्यात अक्काला विचारून 'गाणं' असं लिहिलं. आणि सांगणाऱ्याच्या रकान्यात 'भाऊ'च्या पुढे कंस करून लिहिलं, 'खोटा'.

मी ते उलट्या बाजूनेही वाचू शकलो. त्यांचं अक्षर स्वच्छ होतं.

"आता प्लेट लागेल," ते म्हणाले. "आणि ती मी नाही टाकणार. हात थरथरतो. माझ्या हाताखाली शिकलेला एक डॉक्टर जळगावला आहे, त्याचा हात सोन्यासारखा आहे."

जळगावचं हॉस्पिटल म्हणजे थंडगार हॉल, कॉफीचं यंत्र, आणि भिंतीवर पॅकेजचे तीन फलक. नाना आमच्यासोबत बसने आले. तरुण डॉक्टरने वाकून नमस्कार केला आणि मोठ्या पडद्यावर अक्काचं हाड दाखवलं. शेजारी फ्रॅक्चरच्या प्रकारांची यादी उमटली, प्रत्येकापुढे एक अक्षर आणि एक आकडा.

"हा कोड काय म्हणतो?" नानांनी विचारलं.

"ऑपरेशन, सर."

"आणि हा खालचा?"

"त्यालाही ऑपरेशन."

"हा वरचा, साधा?"

तरुण डॉक्टर हसला. "सर, इथे येतो तो ऑपरेशनलाच येतो."

"मग एवढे कोड कशाला पाठ केलेस रे?" नाना म्हणाले. पण अक्काला आत नेताना त्यांनीच तिची झोळी सोडवली आणि ऑपरेशन संपेपर्यंत ते आत उभे होते. प्रशांत बाहेर प्रत्येक फोनवर सांगत होता, "हो, प्लेट टाकली. सात स्क्रू." त्याच्या आवाजात पहिल्यांदा समाधान होतं.

नऊ लग्नं अक्काविना झाली. धरणगावात झोक्याचं कळायचं ते कळलंच. प्रशांतने क्लेमच्या कागदावर अपघाताचं खरं कारण लिहिलं होतं आणि तो कागद घरात सगळ्यांनी वाचला. सुना हसल्या. पण त्या हसल्यावर काही झालं नाही, असं अक्काने मला नंतर थोड्या आश्चर्याने सांगितलं.

साडेतीन महिने ती रबरी चेंडू दाबत राहिली, मनगट वर-खाली करत राहिली. मग नानांनी निरोप पाठवला. 'मांडे'च्या पुढे आकडा राहिलाय, हात घेऊन या.

मांडे माझ्या घरी झाले. नाना स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले, मांडीवर रजिस्टर. अक्काने पहिला मांडा हातावर घेतला. तो मधोमध फाटला. दुसराही फाटला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी भिंतीकडे पाहत होतो. तिसरा तिच्या मनगटांवर फिरू लागला, पसरत गेला, कोपरांपर्यंत आला, आणि तिने तो असा खापरावर सोडला की सुरकुती नाही. पंधरा मांड्यांतले चार फाटले.

"फाटलेले मले द्या," नाना दवाखान्यातल्या कडक मराठीतून पहिल्यांदाच अहिराणीत घसरले. ते चार त्यांनी दुधात बुडवून खाल्ले आणि लिहिलं, मांडे, पंधरापैकी अकरा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजू.

नाना गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या आखाजीला. त्या वर्षी मी नेहमीप्रमाणे नवा तक्ता घेऊन गेलो, पण एक दिवस उशिरा, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर. दारातच वहिनी, नानांच्या पत्नी, भेटल्या, आत चार-पाच शेजारी बसलेले. नाना पलंगावर, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांच्याच जुन्या कंपाउंडरने त्यांच्या देखरेखीखाली घातलेलं.

"काय झालं, नाना?"

"मोरीत घसरलो," ते म्हणाले. पापणी न लववता.

"मी तर म्हणते, मोरी कोरडी होती," वहिनी म्हणाल्या. "काल काय, परवा काय, नळाला थेंब नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नानांनीही. तक्ता माझ्या हातात होता. त्यांच्या गल्लीला पाणी येऊन तीन दिवस झाले होते.

"काल मध्येच वीस मिनिटं सोडलं होतं, वहिनी," मी म्हणालो. "तक्त्याबाहेर."

वहिनी चहा करायला गेल्या. शेजारी उठले. नानांनी डाव्या हाताने उशाखालून रजिस्टर काढून माझ्यापुढे सरकवलं. शेवटची ओळ डाव्या हाताची, अक्षर पहिलीतल्या मुलाचं. नाव स्वतःचं. हाड सरकलेलं नाही. पडताना काय चालू होतं, गाणं. सांगणारा, स्वतः (खरा). उंची, सहा फूट, पुढे प्रश्नचिन्ह.

"अंदाजाने लिहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "नातीने हट्ट धरला, बस म्हणाली. बसलो. मग उभा राहिलो. तुम्ही जरा मोजून या. टेप खालच्या टेबलात आहे."

दवाखान्यामागच्या निंबाला झोका अजून बांधलेला होता. दोर जिथून फांदीला वळसा घेत होता तिथून, आणि नाना उभे राहिल्यावर तो किती चढला असेल ते धरून, मी तीनदा मोजलं. वर आलो.

"सहा फूट दोन इंच."

त्यांनी प्रश्नचिन्हावर वाचता येईल अशी रेघ मारली. शेजारी दोन इंच लिहिले. मग जरा थांबून, रजिस्टरच्या समासात, डाव्या हाताने, जीभ दातात धरून लिहिलं, 'मोजणारा, पाणीवाले.' आणि त्यापुढे कंस केला.

कंसात त्यांनी 'खरा' लिहिलं. आतून वहिनी कोणाला तरी सांगत होत्या, अगं काल पाणी आलं होतं म्हणे, तक्त्याबाहेर. दोघांनीही ते ऐकलं.

नानांचा प्लास्टरचा हात लिहिता लिहिता मांडीवर पडला होता. बोटं सुजायला लागली होती.

"हात वर, नाना," मी म्हणालो. "बोटं हलवा."

त्यांनी निमूटपणे हात वर केला, आणि हलवली.